चौरसापासून सुरुवात करू नका

आपल्या खानदेशात चौथी-पाचवीला कोडिंग शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. स्क्रॅच (ठोकळे जोडून पडद्यावरच्या मांजरीला चालवायचं, मुलांसाठीचं कोडिंगचं सॉफ्टवेअर) ऑफलाइन टाकून ठेवायचं, लाईट आणि रेंजच्या भरवशावर तास लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. "कोडिंग तर सहावीपासून आहे ना?" असं कोणी विचारलं तर २०२० च्या शैक्षणिक धोरणात तसंच आहे, हे मान्य करा. पण पायरी-पायरीने विचार करायला त्याआधीही शिकवायचंय, आणि त्याला संगणक लागत नाही.

खरा घोळ चौरसात आहे. ४ वेळा: १०० पावलं पुढे, ९० अंश वळा. चौरस येतो, वर्ग खूश, मीही खूश होतो. मग त्रिकोण सांगितला. मुलांनी वहीतल्या समभुज त्रिकोणाला कोनमापक लावला, ६० आले, तेच टाकले. पडद्यावर उघडाच राहिलेला अर्धा षटकोन! चौरसात आतला कोन ९० आणि वळायचा कोनही ९०, म्हणून चुकीची समजूत तिथे झाकली जाते. मांजर आतला कोन मोजत नाही, ती सरळ चालता चालता जितकी वळते तितकंच मोजते. त्रिकोणात ते १२० अंश.

तेव्हा आधी मैदानावर फक्कीने त्रिकोण आखा. एकाने डोळे मिटून चालायचं, दुसऱ्याने फक्त सूचना द्यायच्या. "आठे नही, तठे फिर!" अशी अहिराणीत भांडणं होतील, होऊ द्या. सूचना नेमकी का लागते, ते त्या भांडणातच कळतं. फेरी पूर्ण करून मूल पुन्हा सुरुवातीच्याच दिशेला तोंड करून उभं राहतं, म्हणजे एकूण वळण ३६०. त्याचे ३ भाग त्यांनाच करू द्या. मुलांसाठीची लोगो ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक सीमोर पॅपर्ट, तिच्यातल्या पडद्यावरच्या कासवाला सूचना देण्यासाठी मुलांना असंच चालायला लावायचे. मार्चनंतर मात्र हे सकाळीच उरका, आपलं ऊन पोरांना सोसत नाही.

तयार व्हिडिओ बघून गेम बनवून घेऊ नका. गेम चालतो, पण एक आकडा बदलला की मूल गप्प. महिन्याभरात ॲप शिकवणाऱ्या क्लासपेक्षा शेजारच्या गावातली, रोज वर्गात उभी राहणारी बाई चांगली मार्गदर्शक, असं माझं ठाम मत आहे.

पहिले काही तास गोंधळाचेच जातील. घाबरू नका, पण उत्तरही सांगून टाकू नका. ज्यांना त्रिकोण जमला त्यांना पाच टोकांची चांदणी द्या. तिथे ३६० ला ५ ने भागून जमत नाही, कारण मांजर दोनदा पूर्ण फिरते.