टीव्हीवरच्या क्विझला जाताय? येणाऱ्या प्रश्नावरच चुकू नका

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी जमतो. एकाने प्रश्न विचारायचे, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, आणि मग खाली उतरून तर्री-पोहे. प्रश्न काढायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. न येणाऱ्या प्रश्नावर माणूस फारसा आपटत नाही. तिथे तो सावध असतो, लाइफलाइन घेतो, नाहीतर खेळ सोडतो. आपटतो तो येणाऱ्या प्रश्नावर. आणि मग खाली पोहे खाताना तेच वाक्य: "सर, मला तं माहीत होतं ना!"

होतं, नाही कोण म्हणतं? पण जे माहीत होतं ते जुनं होतं, अर्धं होतं, नाहीतर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

प्रश्न पुरता ऐकायच्या आधी उत्तर

याचा पहिला मानकरी मीच. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत प्रश्न सुरू झाला, "१९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताचा..." मी बझर दाबला आणि छाती फुगवून म्हणालो, "कपिल देव." पूर्ण प्रश्न होता, सामनावीर कोण? मोहिंदर अमरनाथ. मला ते माहीत होतं. भारताच्या १८३ आणि वेस्ट इंडीजच्या १४० धावाही पाठ होत्या. पण माझ्या डोक्यात कर्णधाराचाच प्रश्न चालू होता. आमचा संघ त्याच गुणाने मागे राहिला, आणि माझ्या जोडीदाराने पुढे महिनाभर मला 'कपिल' म्हणूनच हाक मारली.

'पहिला' हा शब्द आला की तर थांबायलाच हवं. नमुना म्हणून 'पहिला गव्हर्नर जनरल' घ्या. बंगालचा पहिला म्हटलं तर वॉरन हेस्टिंग्ज. १८३३ च्या सनदी कायद्यानंतर भारताचा पहिला म्हटलं तर विल्यम बेंटिंक. स्वतंत्र भारताचा पहिला म्हटलं तर लॉर्ड माउंटबॅटन. आणि पहिले भारतीय गव्हर्नर जनरल म्हटलं तर चक्रवर्ती राजगोपालाचारी. या पदावर बसलेले ते एकमेव भारतीय. पहिला व्हाइसरॉय विचारला तर १८५८ चा कॅनिंग, तो आणखी वेगळा. प्रश्न काढणारा ही नावं मुद्दाम एकाच प्रश्नाच्या चार पर्यायांत बसवतो. मी स्वतः बसवतो, म्हणून सांगतोय. पर्याय सगळे ओळखीचे दिसले की समजायचं, खरा प्रश्न एखाद्या विशेषणात दडलाय.

अंतराळाचंही तसंच. पहिले भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा, १९८४. भारतात जन्मलेली पहिली महिला अंतराळवीर कल्पना चावला, पण १९९७ मध्ये त्या गेल्या तेव्हा अमेरिकेच्या नागरिक होत्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचलेले पहिले भारतीय शुभांशू शुक्ला, जून २०२५. ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. प्रश्नातून 'स्वतंत्र' हा शब्द काढला, की १९०० साली पॅरिसमध्ये दोन रौप्य मिळवणारा नॉर्मन प्रिचर्ड मधे येतो.

यावर आमच्याकडे एकच उपाय चालतो. सरावात उत्तर द्यायच्या आधी प्रश्नातलं शेवटचं विशेषण मोठ्याने उच्चारायचं. "स्वतंत्र भारताचा." "भारतीय." "महिला." सुरुवातीला हसू येतं. दोन-तीन रविवारांनी ते मनातल्या मनात व्हायला लागतं.

उत्तर बरोबर होतं, पण मागच्या आवृत्तीत

सीताबर्डीच्या फुटपाथवर सामान्यज्ञानाची जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात. मीही तिथूनच घेतो. फक्त त्यांच्यावरचं साल आधी बघतो. भारतात राज्यं किती? २०१४ मध्ये तेलंगणा झाल्यावर २९ राज्यं आणि ७ केंद्रशासित प्रदेश. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीरचं राज्य जाऊन दोन केंद्रशासित प्रदेश झाले, म्हणजे २८ आणि ९. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले, म्हणजे २८ आणि ८. मधल्या तीन महिन्यांत छापलेलं पुस्तक हाती लागलं तर ते खोटंही नाही अन् खरंही नाही.

शनीचे उपग्रह विचारा. कोणी ६२ म्हणतं, कोणी ८२, कोणी १४६. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ वर गेला. अभिजात भाषा सहाच, असं अजून कितीतरी जण सांगतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांना तो दर्जा मिळाला, त्या आता ११ आहेत. निदान आपल्या भाषेच्या बाबतीत तरी हे चुकायला नको, पण चुकतं. जिल्ह्यांचंही तेच: पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला आणि महाराष्ट्राचे ३६ झाले, तरी ३५ काही जिभेवरून जात नाही.

आमच्यातल्या एका काकूंनी यावर साधी युक्ती काढली. वहीत जे कधी बदलणार नाही ते पेनने, आणि जे बदलू शकतं ते पेन्सिलने. पानिपतची लढाई पेनने. सर्वाधिक धावा, पदावरची माणसं, उपग्रह, जिल्ह्यांची नावं पेन्सिलने, शेजारी लिहिल्याची तारीख. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात त्या फक्त पेन्सिलची पानं उघडतात. बाकीचे जाडजूड पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतात, ती चूक वेगळीच.

नागपूरकर हमखास चुकतात ते

आपल्या गावाचं म्हणून आपण तपासतच नाही. झिरो माइलचा खांब म्हणजे भारताचा भौगोलिक मध्य, हे आपण चार घोड्यांच्या पुतळ्यापाशी फोटो काढताना शिकलो. पण तो खांब ब्रिटिश काळातला, आणि तेव्हाच्या भारताच्या नकाशात आजचे पाकिस्तान आणि बांगलादेशही होते. 'आजच्या भारताचा' असं प्रश्नात आलं, तर अभिमान जरा बाजूला ठेवा.

दुसरा प्रश्न मी दर वर्षी नव्या मुलांना टाकतो. १९५० मध्ये मध्य प्रदेशची राजधानी कोणती? सगळे भोपाळ ठोकतात. उत्तर नागपूर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं नाव मध्य प्रदेश झालं तेव्हा राजधानी इथेच होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. भोपाळवाल्याला हे कदाचित येईल, आपल्याला येत नाही!

तिसरी चूक ताजी आणि प्रेमापोटी झालेली. आपली दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली आणि त्यासोबतच ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर आमच्या खोलीत प्रत्येकाचं उत्तर 'विश्वविजेती'. विश्वचषक ही वेगळी स्पर्धा, विश्वविजेतेपदाची लढत वेगळी. दोन्ही नावं पर्यायांत आली की घात.

दीक्षाभूमीची तारीख मात्र इथे सगळ्यांना येते, १४ ऑक्टोबर १९५६. चुकते ती तारीख आणि तिथीची जोडी. त्या वर्षी त्याच दिवशी दसरा होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची मोठी गर्दी दसऱ्याच्या तिथीला होते, त्यामुळे दर वर्षी इंग्रजी तारीख वेगळी येते, आणि मुलं चालू वर्षाची तारीख सांगून मोकळी होतात.

सगळ्यांना पाठ असलेलं खोटं

हॉकी हा राष्ट्रीय खेळ: सरकारने असा कुठलाच खेळ अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. हिंदी ही राष्ट्रभाषा: घटनेच्या कलम ३४३ मध्ये ती संघराज्याची राजभाषा आहे. चीनची भिंत चंद्रावरून दिसते: नाही दिसत. आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम असल्याचं युनेस्कोने जाहीर केलं: असं काही झालेलं नाही, हा मेसेज फक्त दर ऑगस्टमध्ये फिरतो. फॅमिली ग्रुपवर आलेलं सामान्यज्ञान वहीत उतरवू नका, पेन्सिलनेसुद्धा नाही.

घरी येतं, तिथे येत नाही

हे दुखणं बहुतेकांचं आहे. कारण सोपं आहे: आपण प्रश्न आणि उत्तर एकाच नजरेत वाचतो आणि 'हो हो, हे येतं' म्हणत पान उलटतो. ती नुसती ओळख झाली. आठवावं लागलंच नाही. उत्तरांवर पोस्टकार्ड ठेवा, मोठ्याने बोला, मगच कार्ड सरकवा. चुकलेले प्रश्न तीन दिवसांनी परत घ्या, मग दहा दिवसांनी. आणि शांत खोलीत सराव करू नका. मे महिन्यात आमच्या खोलीतला कूलर इतका घोंघावतो की प्रश्न अर्धाच ऐकू येतो. आधी मी त्याला शिव्या घालायचो. आता कळलं, स्टुडिओतले दिवे आणि टाळ्या यांचा सराव तोच करून घेतोय.

क्रम लावायच्या प्रश्नात अडणारे खूप. पश्चिमेकडून पूर्वेकडे लावा, आधी घडलेलं आधी लावा. नुसत्या सनावळ्या पाठ करून ते जमत नाही, शेजारी कोण ते माहीत हवं. विदर्भाच्या बाबतीत मी रेल्वेचा मार्ग धरतो: भुसावळहून निघालं की अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदिया. हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने एकदा प्रवास केला की पश्चिम-पूर्व क्रम आयुष्यात विसरत नाही. तारखांनाही असाच धागा सापडतो. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं. मिलच्या नावातच तारीख आहे.

लाइफलाइन आणि पैसा

फोन करायला मोठ्या मामांचं नाव देऊ नका. मामा हुशार असतात, पण तीस सेकंदांतले वीस "काय बाप्पा, कसं काय?" यातच जातात. इतिहासाला एक, खेळ-सिनेमाला एक, विज्ञानाला एक, अशी माणसं ठेवा आणि आधी घड्याळ लावून त्यांच्याशी तालीम करा. प्रेक्षकांचं मत सिनेमा, क्रिकेट, स्वयंपाकघर यासाठी उत्तम. कलमं, अणुक्रमांक, जुन्या संस्था यासाठी ते मागितलंत तर प्रेक्षक अंदाज करतात आणि तुम्ही त्या अंदाजावर विश्वास ठेवता.

थांबायचं की खेळायचं, हे खुर्चीत बसल्यावर ठरवू नका. हिशोब घरी करा. समजा हातात ६,४०,००० आहेत, पुढचा प्रश्न १२,५०,००० चा, आणि चुकलात तर ३,२०,००० वर उतरता. चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरी हाती येतात ५,५२,५००, म्हणजे थांबलेलं बरं. दोन पर्याय उडाले असतील तर सरासरी ७,८५,०००, म्हणजे खेळायला हरकत नाही. पण तुम्ही हे एकदाच खेळणार आहात, आणि घराचा हप्ता सरासरीवर चालत नाही. ५० लाखांवर असाल आणि चुकल्यावर ३,२०,००० वरच येणार असाल, तर एका कोटीच्या प्रश्नाला दोन पर्याय उरले तरी हिशोब काठावरचाच राहतो. तिथे मी तरी उठेन. अमरावती जिल्ह्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे २०१९ मध्ये केबीसीत एक कोटीपर्यंत गेल्या, ते मात्र वेगळ्या तयारीचं काम.

नोंदणीसाठी किंवा 'लागलेल्या लॉटरीसाठी' पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या.

आणि रक्कम घरी सांगताना अर्धी बातमी सांगू नका. बक्षिसावर सरळ ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के जातात; त्यातले ३० टक्के पैसे देतानाच कापले जातात. १२,५०,००० जिंकलात तर शेवटी हातात ८,६०,०००. आमच्यातला एक जण छोट्या वाहिनीवरच्या कार्यक्रमात जिंकून आला, तेव्हा त्याच्या घरी पूर्ण रकमेचा सोफा आधीच ठरला होता. सोफा शेवटी आला, पण तीनऐवजी दोनच माणसं बसतील असा.