जुन्या इंग्रजी कागदांत नाशिकची गावं कशी शोधायची

मालेगावचा 1818चा वेढा जुन्या इंग्रजी पुस्तकांत शोधायचा असेल, तर आजचं स्पेलिंग टाकून फारसं काही हाती लागत नाही. त्या काळच्या लष्करी वृत्तांतांत मालेगाव एम, यू, डबल एल, आय, जी, ए, यू, एम असं सापडतं. साहेब कानावर पडेल तसं लिहीत. तेव्हा आधी नाव त्यांच्या कानाने ऐकायचं.

कागदावर नुसती व्यंजनं मांडा आणि मधले स्वर बदलत जा. ऱ्हस्व अ असेल तिथे ए ऐवजी यू घालून बघा, उ-ऊसाठी डबल ओ, इ-ईसाठी डबल ई, शेवटच्या कसाठी सी-के. त्र्यंबकचा शेवट बी-यू-सी-के असा होतो तो यामुळेच. गांवचा नाकातला उच्चार कुणी एनने लिहिला, कुणी एमने, दोन्ही शोधा. चांदवड आणि पेठ मात्र या हिशेबात बसत नाहीत. चांदवडचं 'चांदोर' होतं आणि पेठच्या स्पेलिंगमध्ये पी-ई-आय-एन-टी असा एन घुसतो. ही दोन पाठच करा.

खुद्द नाशिकसाठी एन-ए-डबल एस-आय-सी-के हे रूप विसरू नका. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपूर इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये शिकली. आफ्रिकेत फिरलेला प्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात त्यांतले काही जण होते, आणि 1874 साली त्याचं शव घेऊन इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइटही त्यांतलाच. इंग्रजी लिखाणात त्यांना 'नॅसिक बॉइज' म्हणतात, ते याच स्पेलिंगने. आजचं स्पेलिंग टाकणाऱ्याला नाशिकच्या इतिहासाचं हे अख्खं पान दिसत नाही, याची खरोखर हळहळ वाटते.

1883च्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात (मुंबई इलाखा, खंड 16) अडचण वेगळी आहे. तिथे दीर्घ आसाठी ए वर तिरकी रेघ आहे. स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर अनेकदा त्या ए ला डी समजतं. म्हणून एन-डी-एस-आय-के आणि एम-डी-एल-ई... असंही टाइप करून पाहा. छापलेल्या पानावर नाव बरोबर असतं, शोधात तेवढं हरवतं. 1800च्या आधीच्या छपाईत लांब एस (एसचं जुनं उभट रूप) एफसारखा दिसतो, त्यामुळे एसच्या जागी एफ घालूनही शोधावं लागतं.

साधे इंग्रजी शब्दही तपासा. तुरुंग म्हणजे जी-ए-ओ-एल, दाखवणे म्हणजे एस-एच-ई-डब्ल्यू, वॅगनला दोन जी. मामलेदाराच्या मधल्या लच्या पुढे यू-टी येतं.

नाशिक जिल्हा 1869मध्ये झाला. त्याआधीच्या गावांसाठी अहमदनगर आणि खानदेशचे कागद चाळा, नाहीतर स्पेलिंग बरोबर असूनही दप्तर चुकतं. छापील पुस्तकांसाठी 1840पासूनचं सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्येच आहे.

सापडलेलं नाव टिपताना स्पेलिंग सुधारू नका. मुळात आहे तसंच उतरवा, शेजारी आजचं नाव, खंड आणि पान लिहा. एका लेखकाचं एक रूप कळलं की त्याच पुस्तकात बाकीची गावं त्याच धाटणीने शोधता येतात.