चाइल्ड प्रोसेस मध्येच गप्प बसते? आधी पाईप बघा

समजा घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीची मेंटेनन्स बिलं काढायचीत. पेरेंट म्हणजे मुख्य प्रोग्राम पायथनमध्ये, तो पाईपमधून (दोन प्रोग्राममधली डेटाची नळी) फ्लॅटची माहिती पाठवतो आणि त्याने सुरू केलेला दुसरा प्रोग्राम, म्हणजे चाइल्ड, बिल बनवून तसंच परत देतो. एका विंगला मस्त चालतं, सगळ्या विंग टाकल्या की लटकतं, ना एरर ना काही.

पाईप भरलाय, दुसरं काय! लिनक्सवर त्यात डिफॉल्ट ६४ केबी मावतात, भरला की लिहिणारा तिथेच थांबतो. पेरेंट म्हणतो आधी सगळं लिहितो मग वाचतो, तिकडे चाइल्डची उत्तरं कोणी उचलत नाही म्हणून तोही अडकलाय आणि अडकल्यामुळे पुढचं वाचत नाहीये, म्हणजे सिग्नल बंद पडलेला तीन हात नाका. एकदाच देऊन एकदाच घ्यायचं असेल तर सरळ पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमधला कम्युनिकेट वापरा, लिहिणं-वाचणं दोन्ही तोच सांभाळतो. फक्त टाइमआऊट झाला म्हणून चाइल्ड मरत नाही हां, स्वतः किल करा आणि परत एकदा कम्युनिकेट मारा.

सतत देवाणघेवाण असेल तर वाचायला वेगळा थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) ठेवा. स्टडएररलाही (चाइल्डचे एरर मेसेज जातात ती वाट) पाईप लावला असेल तर तोही वाचावाच लागतो, नाहीतर फाईलमध्ये सोडून द्या. आणि स्टडआऊटवर (चाइल्डच्या नेहमीच्या आउटपुटची वाट) डिबगचे प्रिंट टाकू नका प्लीज, तिथे फक्त डेटा.

टर्मिनलवर दिसतं पण पाईपमध्ये येत नाही, हे बफरिंग, म्हणजे आउटपुट आधी मेमरीत साठतं. टर्मिनलवर ओळीओळीने बाहेर पडतं, पाईपला बफर भरल्यावर. प्रत्येक उत्तरानंतर फ्लश करा, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर ढकला.

आता खरी गोची. पाईपला मेसेज वगैरे कळत नाही, नुसते बाइट वाहतात, एका रीडमध्ये अर्धं बिलही येईल नाहीतर दीड. म्हणून आधी ४ बाइटमध्ये लांबी पाठवा, मग मजकूर, आणि तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहा. लांबी बाइटमध्येच मोजा, अक्षरांत नाही: यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) नुसतं ‘ठाणे’ १२ बाइटचं होतं, आणि अर्धवट तुकडा डीकोड करायला गेलात की एरर.

सी मध्ये स्वतः फोर्क करत (चाइल्ड बनवत) असाल तर पाईपची न लागणारी टोकं दोन्हीकडे बंद करा, लिहायचं एक जरी टोक उघडं राहिलं तरी वाचणाऱ्याला ईओएफ (डेटा संपल्याची खूण) मिळत नाही. शेवटी पेरेंटमध्ये वेट करा, नाहीतर झोंबी (संपलेल्या पण यादीत राहिलेल्या प्रोसेस) साचतात. पायथनमध्ये रिटर्नकोड मायनस ९ आला तर सिगकिल (जबरदस्तीने मारणारा सिग्नल) बसलाय, मेमरी संपून कर्नलनेच (लिनक्सचा गाभा) मारला का ते डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचा लॉग) बघा.