कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना करताना या चुका टाळा

कादंबरीवर बेतलेल्या चित्रपटाविषयी लिहिताना बहुतेकांचे लेखन ‘काय काय गाळले’ या यादीतच अडकते. चारपाचशे पानांचा ऐवज अडीच तासांत मावणार नाही हे उघड असल्यामुळे, प्रसंग गाळला एवढे सांगून काहीच सिद्ध होत नाही. त्या प्रसंगाने कादंबरीत जे साधले होते, ते चित्रपटात दुसऱ्या कशाने साधले का, हे पाहावे लागते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’त म्हातारी इंदिर ठाकरुण सुरुवातीच्या भागातच मरण पावते. सत्यजित राय यांनी १९५५ च्या चित्रपटात तिला बराच काळ जिवंत ठेवले आणि काशफुलांच्या माळावर आगगाडी पाहायला गेलेल्या दुर्गा व अपू या भावंडांना परतताना बांबूच्या बनात ती निष्प्राण बसलेली आढळते, असे दाखवले. ‘मूळ क्रम बदलला’ अशी तक्रार नोंदवून थांबणाऱ्याच्या हातून खरा प्रश्न निसटतो. काशफुलांच्या माळावरचा उल्हास आणि मृत्यूची ओळख एकाच ओघात आल्याने मुलांच्या जगाविषयी नवे काय उमगते, आणि कादंबरीत दुर्गेची आगगाडी पाहण्याची इच्छा अपुरीच राहते, त्या हुरहुरीचे चित्रपटात काय होते, या दोन्हींचा विचार व्हायला हवा.

दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण तिच्यामुळे सगळा लेखच कोसळू शकतो: नेमकी कशाची कशाशी तुलना चालली आहे, हे न तपासणे. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधू यांच्या त्याच नावाच्या कादंबरीबरोबर ‘मुंबई दिनांक’वरही आधारलेला आहे, एकच पुस्तक वाचून ‘हे पटकथेत घुसडले’ असे लिहिणाऱ्याची फजिती ठरलेली. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’च्या ब्रिटिश आवृत्तीत २१ प्रकरणे होती, अमेरिकी आवृत्तीतून शेवटचे वगळले गेले आणि स्टॅनली कुब्रिक यांच्या चित्रपटाचा शेवट त्या तोकड्या आवृत्तीला धरून आहे. मारिओ पुझो यांच्या ‘गॉडफादर’मधले डॉनचे तरुणपण १९७२ च्या चित्रपटात नाही, परंतु १९७४ च्या दुसऱ्या भागात आहे. तेव्हा श्रेयनामावली, आवृत्ती आणि पुढचे भाग लिहायला बसण्यापूर्वीच पाहून घ्यावेत. कादंबरी अनुवादातून वाचली असल्यास मूळ लेखकाच्या शैलीविषयीचे शेरेही बेतानेच मारावेत.

‘पात्राच्या मनातले विचार चित्रपटात आलेच नाहीत’ हे वाक्य लिहिण्याआधी तो प्रसंग पुन्हा एकदा आवाज बंद करून आणि एकदा केवळ ऐकून पाहावा. निवेदकाने पानभर सांगितलेली घालमेल कित्येकदा लांबवलेल्या एका शॉटमध्ये, पार्श्वसंगीत अचानक थांबण्यात किंवा दोन पात्रांमधल्या अंतरात सापडते. तरीही ती सापडली नाही, तर मग खुशाल टीका करावी.

सगळे श्रेय वा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारण्याची सवयही सोडावी. रचनेतला बदल अनेकदा पटकथेत, तर काही वेळा संकलनाच्या टेबलावर झालेला असतो.

लेख दोन कथासारांशांची जोडी झाला आहे असे जाणवले, तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा दोन्हींकडे असलेला एकच प्रसंग निवडावा, पुस्तकातली ती पाने शेजारी उघडी ठेवून चित्रपट थांबवत थांबवत पाहावा, आणि प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतो, कुठे सुरू होतो व कुठे तोडला जातो, एवढेच टिपून त्या टिपणांवरून पहिला परिच्छेद नव्याने लिहावा.