एअर इंटेक बसवण्याआधी: कोल्हापूरची धूळ आणि पाऊस हिशोबात धरून तयारी

परफॉर्मन्स इंटेक (इंजिनाला जास्त हवा मिळावी म्हणून कंपनीच्या फिल्टरच्या डब्याऐवजी आणि पाइपऐवजी बसवायचा संच) घ्यायचं पक्कं झालं असेल, तर दुकानात जाण्याआधी एक ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून सेन्सरचे आकडे दाखवणारं उपकरण) मिळवा. मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा स्कॅनरही चालतो. कंपनीच्या इंटेकमध्ये हवा किती अडते ते त्यावर दिसतं. जेवढी अडते, त्याहून जास्त फायदा कुठलाच पाइप देऊ शकत नाही. ही एक तपासणी केली तर बऱ्याच जणांचे पैसे वाचतील.

आधी कंपनीचा नवा कागदी फिल्टर टाका. मळक्या फिल्टरवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही. टर्बो नसलेल्या आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणारा सेन्सर) असलेल्या पेट्रोल गाडीत इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा. स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब दिसेल, तोच बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचावर असल्यामुळे इथे ९५ च्या जवळपास दिसला पाहिजे. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन वरच्या आरपीएमपर्यंत न्या. आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही. ९३ आला तर फरक २, म्हणजे जेमतेम दोन टक्के, आणि त्यातला काही भाग थ्रॉटल बॉडीचा (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा). एवढ्यासाठी हजारो रुपये घालावेत असं आम्हाला वाटत नाही. फरक ४-५ आला, तर मात्र इंटेकमध्ये खरंच काहीतरी अडतंय.

टर्बो गाडीत हा आकडा बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा असतो, म्हणून ही युक्ती चालत नाही. तिथे गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप घ्या, यू आकारात धरून त्यात रंगीत पाणी भरा आणि त्याचं एक टोक फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटर फरक पडला, तर अडथळा साधारण १ किलोपास्कलचा. यूच्या दोन्ही भुजा किमान अर्धा मीटर लांब ठेवा, नाहीतर पाणी ओढलं जाऊन टर्बोत जाईल.

त्याच फेरीत इंटेकच्या हवेचं तापमानही लिहून ठेवा. बाहेर ३० अंश आणि आत ६० अंश असेल, तर हवा सुमारे ९ टक्के विरळ होते. पाइप रुंद करून मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने हा तोटा कितीतरी मोठा आहे. ताशी ५० च्या वेगाने पाच मिनिटं चालल्यावर फरक दहा अंशांच्या आत आला, तर कंपनीचा डबा बाहेरची थंड हवाच घेतोय. अशा गाडीत बोनेटखाली उघडा कोन (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा) फिल्टर बसवला तर आवाज वाढतो आणि ताकद घटते.

आता निवड. ऊस गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांमागे उडणारी माती, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींकडची बारीक वाळू, पन्हाळ्याकडची तांबडी धूळ हे सगळं याच फिल्टरमधून जाणार आहे. फाउंड्रीची वाळू म्हणजे सिलिका. ती सिलिंडरच्या भिंती आणि टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते. म्हणून रोजच्या गाडीला आमची पहिली पसंती कंपनीच्या डब्यात नवा कागदी फिल्टर, दुसरी त्याच मापाचा तेल लावलेला कापडी पॅनेल फिल्टर. तिसऱ्या क्रमांकावर झाकणबंद डब्याचा इंटेक. उघडा कोन फक्त नीट हीट शील्ड (इंजिनाची उष्णता अडवणारा पत्रा) असेल तरच.

बंपरमागे खाली फिल्टर ठेवणारा इंटेक कोल्हापुरात नको, हे ठामपणे सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, पण धोक्याला पूर यावा लागत नाही. व्हीनस कॉर्नरला तासाभराच्या पावसात साचणारं पाणी पुरेसं असतं, कारण चालती गाडी पुढे लाट ढकलते आणि ती बंपरमागे चढते. १२०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो (आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ११ असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा ३० सीसी. पोह्याचे मोठे दोन-तीन चमचे पाणी! पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टरवर चढवायचं जलरोधक कापड शिंतोडे अडवतं, बुडालेला फिल्टर वाचवत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्शनची जोड आहे का ते आधी बघा, बदलही विमा कंपनीला कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाही विचारा, आणि जुना डबा काही झालं तरी भंगारात देऊ नका.

पाइप उद्यमनगरात बनवून घेणार असाल तर व्हर्निअर सोबत न्या. मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) बसतो त्या जागेचा आतला व्यास कंपनीच्या पाइपइतकाच हवा. ६० मिलिमीटरच्या जागी ६३ झाला तर क्षेत्रफळ दहा टक्के वाढतं, हवा सेन्सरजवळून हळू जाते आणि सेन्सर तेवढी कमी हवा मोजतो. ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण पातळ होतं, स्कॅनरवर त्याचा पी ०१७१ हा कोड येतो. सेन्सरच्या आधी पाइपचा सरळ तुकडा ठेवा, बेंडला चिकटून सेन्सर आला तर आकडे थरथरतात. दोन्ही टोकांना उठावदार कडा काढून घ्या, नाहीतर होज सटकतो. वेल्डिंगचे आतले दाणे कानशीने काढून पाइप धुवा. सुटलेला एक दाणा टर्बोचं पातं तोडू शकतो. हीट शील्डचा पुठ्ठ्याचा साचा गाडीवर बसवून बघा, मगच एक ते दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापा. कडेला रबरी बीडिंग बोनेटला टेकेल इतकी उंच हवी.

बसवायच्या दिवशी इंजिन थंड असू द्या. १० नंबरचा बॉक्स पाना आणि एक्स्टेन्शन, क्लिपसाठी ७ आणि ८ नंबर, स्क्रू ड्रायव्हर, सेन्सरच्या स्क्रूंसाठी बहुधा टी-२० टॉर्क्स, मास्किंग टेप एवढं पुरतं. फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, प्रत्येक नळीवर टेप लावून नाव लिहा. थ्रॉटल उघडा पडला की लगेच भडक रंगाचं मोठं फडकं तोंडावर बांधा. लहान फडकं आत विसरतं. सेन्सरवरचा बाण इंजिनाकडे. क्रँककेसची ब्रीदर नळी (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ इंटेकमध्ये सोडणारी) जिथून काढली तिथेच, म्हणजे फिल्टर आणि मॅफच्या पुढे जोडायची. ती उघडी सोडली तर इंजिन न गाळलेली हवा ओढतं. सिलिकॉन होज दोन्हीकडे २० ते २५ मिलिमीटर चढला पाहिजे आणि क्लिप पाइपच्या कडेच्या मागे, होजच्या काठापासून ५ मिलिमीटर आत बसली पाहिजे. रबर क्लिपच्या फटींतून फुगून वर आलं, तर जास्त आवळलंय.

इंजिन माउंटवर हलतं, म्हणून बॅटरी, फॅन आणि पाइपमध्ये १५ ते २० मिलिमीटर अंतर ठेवा. बोनेटसाठी पाइपच्या सगळ्यात उंच जागी कणकेचा गोळा ठेवा, बोनेट हळू लावा, उघडा आणि चपटलेल्या कणकेची जाडी मोजा. दहा मिलिमीटरच्या खाली असेल तर ब्रॅकेट खाली घ्या.

कापडी फिल्टरला तेल जपून लावा. जास्तीचं तेल मॅफ सेन्सरच्या आतल्या तारेवर चढतं आणि रीडिंग बिघडतं. धुतल्यावर सावलीत वाळवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, विण फाटते. तेल लावून अर्धा तास मुरू द्या, मग फिकट राहिलेल्या जागीच पुन्हा थोडं लावा. तार साफ करायला फक्त मॅफ क्लीनर वापरायचा, कार्ब क्लीनर नाही.

बॅटरी जोडून दोन-चार मिनिटं आयडलवर ठेवा, मग शंभर किलोमीटर रोजच्यासारखी चालवा. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) अधिक-उणे पाचच्या आत राहिला तर ठीक. +१० च्या वर गेला तर मॅफ आणि थ्रॉटलमधला सांधा गळतोय किंवा सेन्सर मळलाय. तोच दाबाचा आणि तापमानाचा प्रयोग त्याच रस्त्यावर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा करा आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर उतरवून पाइपच्या आतून पांढरं फडकं फिरवा. त्यावर तांबूस धूळ दिसली, तर हवा कुठूनतरी फिल्टर चुकवून आत येतेय. आधी फिल्टरच्या मानेची क्लिप तपासा, बहुतेक वेळा तीच ढिली निघते.