जुन्या सॉफ्ट-टॉपमधली वाऱ्याची शिट्टी: रबर मागवण्याआधी या चुका टाळा

सॉफ्ट-टॉप म्हणजे दुमडता येणाऱ्या कापडी टपाच्या गाडीत ताशी 80 किलोमीटरच्या पुढे कानाशी शिट्टी सुरू झाली की बहुतेक मालक थेट रबरचा अख्खा संच मागवतात. संच महाग, बसवायला दिवस जातो आणि शिट्टी बरेचदा तशीच राहते. इथे मुख्यतः माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या दोन पिढ्या (1989 ते 2005) डोळ्यांसमोर आहेत. ब्रिटन-अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना सेकंडहँडमध्ये सहज मिळणारी सॉफ्ट-टॉप हीच. जिप्सी किंवा जुन्या थारच्या कापडी टपाचं प्रकरण निराळं आहे, तिथे खालची फक्त टेपची चाचणी उपयोगी पडेल.

उभ्या गाडीत दोष शोधणे

पार्किंगमध्ये सगळं घट्ट दिसतं, कारण तिथे वाराच नसतो. गाडी धावताना टपावरून आणि काचेच्या बाहेरून वेगाने जाणारी हवा दोन्हींना बाहेर ओढते. कापड फुगतं, काच रबरपासून किंचित सुटते. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 वरून 120 वर गेलात की सव्वादोन पट. म्हणूनच शहरात गप्प असलेली गाडी हायवेवर बोंब मारते.

चाचणी अशी करा. पुढची काच आणि टप यांचा सांधा, ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब), दाराच्या काचेची वरची कड, काचेची मागची कड आणि आरशाचा पाया हे सगळं बाहेरून मास्किंग टेपने बंद करा. रेडिओ आणि पंखा बंद ठेवून, शेजारी कान देणारा माणूस बसवून, एकाच रस्त्यावर एकाच दिशेने एकाच वेगाने जा. मग एकेका जागेची टेप काढत तीच फेरी मारा. जी काढल्यावर शिट्टी परतते, तिथे भोक. सगळं बंद असूनही घरघर येत असेल तर टायर किंवा व्हील बेअरिंग बघा. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर आल्यावर आवाज बदलला तर तो वारा नव्हे, टायर.

आवाजाचा प्रकारही बोलतो. बारीक शिट्टी म्हणजे अरुंद फट, बहुधा दोन रबरांच्या सांध्यात. काचेच्या वर फडफड होत असेल तर टपाच्या कडेतली ताणाची केबल सैल किंवा तुटलेली असू शकते, आणि तिथे कितीही रबर बदला, फरक पडणार नाही.

क्रम चुकवणे

या गाड्यांच्या दाराच्या काचेला चौकट नसते. काचेची वरची कड थेट टपाच्या रबरला टेकते. त्यामुळे बिजागरी झिजून दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसलं की काच रबरपासून तेवढीच सरकते, आणि दोष रबरवर येतो.

आधी दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून उचला. खेळ जाणवला तर बिजागरी, मग स्ट्रायकर (दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो चौकटीवरचा आकडा), मग काच, मग टपाचे लॅच (टप पुढच्या काचेच्या चौकटीला अडकवणाऱ्या कड्या). रबर सगळ्यात शेवटी.

काच तपासायला दोन सेंटीमीटर रुंद कागदाची पट्टी काच आणि रबर यांच्यामध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखा अडसर जाणवायला हवा. दर दहा सेंटीमीटरवर हे करा, जिथे पट्टी सुळकन निघते तिथे खडूने खूण करा. काचेचे बोल्ट दाराच्या ट्रिममागे, म्हणजे आतल्या आवरणामागे असतात. ढिले करण्याआधी मूळ जागा मार्करने आखून ठेवा, एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा आणि पुन्हा पट्टी ओढून बघा. काच गरजेपेक्षा आत झुकवली की दर वेळी दार लावताना ती रबर खरवडते आणि काही महिन्यांत तेच रबर फाटतं.

चुकीचं तेल, चुकीचा चिकट पदार्थ

दाराचं बीडिंग आणि टपाचं रबर बहुधा ईपीडीएमचं (एक प्रकारचं कृत्रिम रबर) असतं. पेट्रोलियम जेली, ग्रीस, इंजिन ऑइल यांनी ते फुगतं आणि मऊ पडतं. साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. बोटाला चिकट लागलं तर जास्त झालं. त्यावर धूळ बसते आणि तीच काच घासते.

फटीत सिलिकॉन सीलंट भरणं हा त्याहून वाईट उद्योग. टप दुमडताना तो सुटतो, आणि व्हिनेगरसारखा वास येणारा सीलंट धातूला गंजवतो. हार्डवेअरच्या दुकानातली जाड फोमपट्टी लावली तर लॅच जोर लावून बंद करावे लागतात, टपाची पुढची फ्रेम वाकते आणि फट दुसरीकडे उघडते.

गळती आणि आवाज एकच समजणे

कार्पेट ओलं म्हणजे रबर गेलं, असं नाही. एमएक्स-5 मध्ये टपावरून मागे येणारं पाणी सीटांमागच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या भोकांतून खाली जातं. तिथे पानं आणि गाळ अडकला की पाणी आत शिरतं आणि पुढे सिल (दाराखालच्या पोकळ पट्ट्या) आतून गंजतात. अर्धा लिटर पाणी हळू ओता. ते मागच्या चाकांच्या पुढे खाली पडायला हवं. तुंबलं असेल तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी वापरा. तार किंवा कॉम्प्रेसरची हवा नको, आतली नळी निसटते.

नवं रबर बसवून लगेच स्ट्रायकर हलवणे

एवढं करूनही रबरच दोषी निघालं, चिरलेलं, चपटं झालेलं, तर बदला. धातूच्या चॅनलमधला जुना गोंद पूर्ण खरवडून काढा, रबर ताणून बसवू नका, नाहीतर ते आखडून सांध्यात पुन्हा फट पडते. सुरुवातीचे काही आठवडे दार जड लागेल. स्ट्रायकर बाहेर सरकवण्याचा मोह होतो, पण रबर दबून बसेपर्यंत थांबा, मग पुन्हा कागदाची पट्टी ओढा.