स्टिअरिंग ढिलं झालंय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

नागपुरात गाडी एका बाजूला ओढायला लागली की सल्ला ठरलेला असतो: "काही नाही भाऊ, अलाइनमेंट करून घ्या, चालून जाते." खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारी चूक हीच आहे. अलाइनमेंटचं मशीन चाकाचा कोन मोजतं. टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा सांधा) किंवा बॉल जॉइंट (चाकाचा गोल फिरता सांधा) झिजलेला असेल तर तो कोन रॅम्पवर एक असतो आणि रस्त्यावर दुसरा. पैसे देऊन बाहेर पडता आणि टायरची कड पुन्हा झिजायला लागते. आधी ढिला सांधा शोधा, तो बदला, अलाइनमेंट त्यानंतर. आणि या सगळ्याच्याही आधी दोन्ही पुढच्या टायरची हवा मोजा. एका चाकात हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला ओढते.

आवाज ऐकून पार्ट आणू नका

"खटखट येते म्हणजे टाय रॉड गेला" असं म्हणून पार्ट आणणारे बरेच आहेत. सिमेंट रस्त्यावरून बाजूच्या गट्टूंवर हळू उतरताना होणारी खटखट बहुतेक वेळा स्टॅबिलायझर लिंकची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या जोडाची) निघते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग झटका देत असेल तर शॉकअबच्या वरच्या माउंटचं बेअरिंग बघा. समृद्धी महामार्गावर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं, ही तक्रार तर बहुधा व्हील बॅलन्सिंगची असते. टाय रॉड झिजल्याची खूण वेगळी: सरळ रस्त्यावर सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं, आणि टायरवर एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट दिशेने फिरवला तर कडा टोचतात.

फक्त चाक हलवून निकाल देऊ नका

जॅक लावून चाक उचलायचं आणि घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. चूक होते ती पुढे. चाकाबरोबर स्टिअरिंगही फिरत असेल तर तो प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, नव्हे. स्टिअरिंग जागच्या जागी राहून चाक हललं, तर तो प्ले. मग १२ आणि ६ ला धरा. तिथेही हललं तर संशय व्हील बेअरिंगवर किंवा खालच्या बॉल जॉइंटवर जातो. दोघांतला फरक कळायला सोबतच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारी दांडी) तपासा.

माझा जास्त भरवसा दुसऱ्या तपासणीवर आहे. चारही चाकं जमिनीवर ठेवा, एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवावीत. झिजलेला सांधा बोटाला टक्‌ करून लागतो. आतला रॅक एंड (टाय रॉडचा रॅककडचा सांधा; रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दांतेरी दांडी) रबरी बूटच्या, म्हणजे आवरणाच्या, आत असतो, त्यामुळे तो बूटवरूनच दाबून चाचपायचा. बाहेरचा टाय रॉड एंड नवा टाकूनही प्ले राहिला, तर बऱ्याचदा हाच विसरलेला असतो. ठोका हाताला स्टिअरिंगमध्येच जाणवत असेल तर कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट बघा.

बूट फाटलाय का, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला बघून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रबर कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात त्याच भेगेतून पाणी आणि माती आत जाते, ग्रीस संपतं आणि बॉल झिजायला लागतो.

आणखी एक. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) डांबर मऊ पडलेलं असतं, जॅक त्यात रुततो. खाली जाड फळी घ्या, मागच्या चाकांना विटा लावा आणि घोडी (गाडीला आधार देणारा स्टँड) लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नका. यात कसलीही सवलत नको, जिवाचा प्रश्न आहे.

बसवताना होणाऱ्या चुका

जुना टाय रॉड एंड काढण्याआधी लॉक नट किती आट्यांवर होता ते खुणेने नोंदवा. एका आट्याच्या फरकानेही टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडतो. स्टड (सांध्याचा आटे असलेला दांडा) निघत नसेल तर त्याच्या आट्यांवर हातोडा मारू नका. पुलर वापरा, किंवा नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) ज्या भागात स्टड बसतो त्याच्या बाजूवर ठोका द्या. नवा स्टड बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ ठेवा, तिथे ग्रीस लावायचं नाही. नट कसल्यावर तो अडवणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे सोडायचा नाही, पुढे थोडा आवळून जुळवायचा. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालू नका. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट असेल तर नवाच घ्या.

लोअर आर्म बदलताना एक चूक जवळपास सगळीकडे होते: चाक लटकत असतानाच बुशचे (आर्मच्या टोकातल्या रबरी नळीचे) बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की बुशचं रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. बोल्ट हलके लावा, गाडी चाकांवर उभी करा आणि मगच मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर कसा.

रॅकमधून आवाज येतोय म्हणून त्याचा ॲडजस्टर स्क्रू कोणी अंदाजाने आवळत असेल तर थांबवा. जास्त आवळलं की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि घाटात तर हे फार धोक्याचं.

अलाइनमेंटला गेल्यावर

गाडी रॅम्पवर चढवण्याआधी कोणते पार्ट बदलले ते सांगा. टो जुळवताना टाय रॉड फिरतो आणि त्याबरोबर रॅकचा बूट पिळला जातो, म्हणून आधी बूटचा क्लिप ढिला करायला लावा. स्टिअरिंग सरळ लॉक करूनच दोन्ही बाजू जुळवाव्यात, नाहीतर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरकं राहतं. दोन्ही लॉक नट तुमच्यासमोर आवळून घ्या आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला प्रिंट मागा. ३-४ दिवस चालवल्यावर टाय रॉडच्या लॉक नटवर पुन्हा एकदा पाना लावून बघा.